सुगीची शेंडी

बोन्साय म्हणून कुंडीत वाढवलेल्या सुगीच्या, म्हणजे जपानी सीडरच्या, शेंड्याला कात्री लावायची नाही. बोन्सायची हत्यारं हौसेनं घेतलेली असतात, हात शिवशिवतो. पण हे झाड पाळायचं तर ही पहिली अट. याची पानं म्हणजे सेंटिमीटरभर लांबीच्या, आत वळलेल्या सुया, डहाळीभोवती दाटीनं बसलेल्या. पातं फिरलं की कोवळ्या टोकाबरोबर शेजारच्या दहा-वीस सुयाही अर्ध्यावर चिरल्या जातात, आणि थोड्याच दिवसांत प्रत्येकीच्या टोकाला तपकिरी डाग उमटतो. म्हणून टोक खुडायचं. एका हातानं डहाळी धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत फिकट पोपटी टोक घ्यायचं, किंचित पिळून ओढायचं. अबोली खुडणाऱ्या बोटांना हे शिकवावं लागत नाही.

खुडणी सर्वत्र सारखी करून मात्र भागत नाही. झाडाचा सगळा जोर शेंड्याकडे धावतो. वर महिनाभर दुर्लक्ष झालं, की माथ्यावर गच्च झुपका आणि खालच्या फांद्या सावलीत वाळलेल्या. त्यामुळे माथा वारंवार आणि निष्ठुरपणे खुडावा, खालच्या फांद्यांची टोकं लांबू द्यावीत. फांद्यांच्या बेचक्यांत आणि खोडावर फुटणारे कोंबांचे गुच्छही वेळीच काढावेत, नाही तर तिथं गाठ धरते आणि सरळसोट खोडाची शोभा जाते. त्या सरळ खोडासाठीच तर सुगी हवा असतो. पहिली फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर, वर जाताना फांद्या आखूड, कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश. वेडंवाकडं वळण द्यायचंच असेल तर दुसरी पुष्कळ झाडं आहेत.

आता गोव्याची अडचण. ती पावसाची असेल असं वाटतं, पण तसं नाही. जपानच्या दक्षिणेकडच्या याकुशिमा बेटावर डोंगरात गोव्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथंच १६.४ मीटर घेराचा, २५.३ मीटर उंच जोमोन सुगी उभा आहे. आपल्याकडे दार्जिलिंगच्या धुक्यात ब्रिटिशांच्या काळापासून हे झाड धुपी नावानं वाढतंय. पाऊस त्याला हवाच. सोसत नाहीत त्या उकाड्याच्या रात्री आणि फेब्रुवारीपासूनच्या कोरड्या दुपारी. थंडीच नाही, म्हणून विश्रांती नाही. चोर्ल्याच्या बाजूला उंचावर झाड निदान श्वास घेतं. कळंगुटच्या गच्चीवर ते जगवणं हा हट्टच म्हणायचा.

जपानी पद्धतीनं शिकलेल्यांची गफलत होते ती इथंच. तिकडे हिवाळ्यात पाला तांबूस होतो आणि वसंतात पुन्हा हिरवा, म्हणून घाबरू नका असं सांगतात. गोव्यात तेवढी थंडी पडतच नाही. इथं पाला तपकिरी झाला तर त्याला काहीतरी कारण असणारच. फक्त सुयांची टोकं गेली असतील तर कात्री, कोरडी हवा किंवा खारं पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ते पाणी या झाडाला घालूच नये. सगळा पाला धुरकट, निस्तेज दिसला तर लाल कोळी ही कीड. पांढरा कागद खाली धरून डहाळी झटकावी. ठिपके चालू लागले की खात्री पटते. सकाळी पाल्याच्या आतल्या बाजूनं जोरात पाणी मारलं तर कोळी आवरतो. आतल्या, जुन्या डहाळ्या वाळल्या तर तो सावलीचा परिणाम. त्या आपण होऊन लवकर गळत नाहीत, चिमट्यानं काढाव्यात आणि उजेड आत सोडावा. शिगम्यापासून पाऊस येईपर्यंत झाड ५० टक्के सावलीच्या जाळीखाली हवं, पाणी दोन वेळा.

मातीसाठी बाहेर जायला नको. जांभ्याचे चिरे कापताना पडलेला चुरा चाळून ३ ते ६ मिलिमीटरचे खडे घ्यावेत, धूळ टाकून द्यावी. खडे रात्रभर भिजवून चिमटीत दाबावेत. चुरगळले तर नकोत, कारण पहिल्याच पावसात त्यांचा चिखल होतो आणि मुळं कुजतात. असे सहा भाग खडे, दोन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग नारळाचा भुसा. कुंडी बदलायची ती जूनच्या सुरुवातीला, हवा दमट झाल्यावर. जेमतेम एक तृतीयांश मुळं कापावीत आणि नंतर दोन-तीन आठवडे थेट सरींपासून आडोसा द्यावा. धो धो पावसात कुंडीच्या एका कडेखाली लाकडाचा तुकडा सरकवला की पाणी साचत नाही. भुईमुगाची पेंड त्या दिवसांत घालू नये. बुरशी धरते, मुंग्या लागतात.

तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, ४५ अंशांत गुंडाळलेली. सुगीच्या फांद्या वर जाऊ पाहतात, त्या खाली आणायच्या असतात. पण बुडाशी त्या पटकन फाटतात. वाकवताना अंगठा बेचक्यातच टेकलेला हवा. पावसाळ्यात तार बघता बघता सालीत रुतते, तेव्हा चवथीपूर्वी प्रत्येक वेढा तपासावा आणि तार उलगडत न बसता तुकडे करून काढावी.

हे सगळं वाचून हौस उरली, पण घर समुद्राजवळ असेल, तर आधी सुरूचं झाड घ्यावं. मिरामारपासून मोरजीपर्यंत दिसणारं तेच. त्यालाही शेंड्याचा सोस, त्याचीही बारीक टोकं खुडूनच पाला दाट होतो, तारही तशीच रुतते; फक्त उकाड्याचं आणि खाऱ्या वाऱ्याचं त्याला काही वाटत नाही. तहान मात्र जबर. एप्रिल-मेमध्ये कुंडीखाली पाण्याची उथळ थाळी ठेवावी आणि डासांपायी तिच्यातलं पाणी रोज बदलावं.