आधी मास्तर, मग विद्यापीठ

रयत शिक्षण संस्थेची छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज या तिघांचं मिळून २०२१ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. याच संस्थेच्या, मास्तर घडवणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजातल्या आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचा नुसता खच पडला. एकानेच खोच मारली, ‘यात आपलं ट्रेनिंग कॉलेज कुठाय?’ कागदोपत्री नाही, हे खरंच. पण गोष्ट कुठून सुरू झाली ते आपल्यासारख्यांनी नाही सांगायचं तर कुणी?

रयत शिक्षण संस्था १९१९ ची, काले गावातली. १९२४ मध्ये अण्णांनी, म्हणजे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी, साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. हा इतिहास दर जयंतीला भाषणात येतो, म्हणून पुढे जातो. १९३५ चं मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्या साली सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघालं, तेच आजचं आपलं महात्मा फुले अध्यापक विद्यालय. नाव पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं आणि काढणारा माणूस सत्यशोधक! अण्णांचा हा व्यवहारीपणा मला फार आवडतो.

तोवर संस्थेचं एकही हायस्कूल नव्हतं. महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चं, शिवाजी कॉलेज १९४७ चं, बी.एड.चं आझाद कॉलेज १९५५ चं. म्हणजे आधी मास्तर घडवायचे, मग शाळा आणि कॉलेजं. खेड्यात शाळेला जागा मिळे, मारुतीचं देऊळ असे, चावडी असे. अडायचं ते शिकवणाऱ्यापाशी. अशा खेड्यांत पुढे संस्थेच्या व्हॉलंटरी (स्वेच्छेने चालवलेल्या प्राथमिक) शाळा निघाल्या, त्यांना खेड्यातच राहणारा, तिथलीच भाकरी खाणारा मास्तर हवा होता. शहरातला मनुष्य तिथे टिकला नसता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आधीच्या दोन पिढ्यांना ग म भ न गिरवून घेणारे कितीतरी गुरुजी या एका दारातून बाहेर पडलेले. त्यांचे विद्यार्थी हायस्कुलात गेले, त्यांतले काही शिवाजी कॉलेजात. विद्यापीठाला मुलं आभाळातून पडली नाहीत.

मी माण तालुक्यातला. सत्तरच्या दशकात इथे डी.एड.ला (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला) आलो तेव्हा जुनी माणसं अजून ‘सिल्व्हर ज्युबिलीला आहेस का रं?’ असंच विचारायची. सराव पाठाच्या दिवशी काखेत गुंडाळी फळा, हातात तक्ते आणि पिशवीत टाचणवही, अशी आमची वरात साताऱ्याच्या चढउतारांवरून शाळांकडे निघे. टाचण म्हणजे पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, फलकलेखन, उपयोजन, गृहपाठ. एक पायरी हुकली की मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले सर लाल शाईने नेमकी तीच टिपणार. माझ्या वहीत एक शेरा आहे: ‘प्रश्न विचारलात, उत्तराची वाट पाहिली नाहीत.’ पुढे नोकरीभर तो मला पुरला. सूक्ष्म अध्यापन (शिकवण्याच्या एकेका कौशल्याचा छोटा सराव) वगैरे शब्द नंतर आले, काम हेच होतं.

अभ्यासक्रमात एक गोष्ट नव्हती: एका खोलीत पहिली ते चौथी एकट्याने कशी सांभाळायची. ती शिकवली एका सरांनी, संध्याकाळी बागेत आळी करताना. ‘चौथीची हुशार पोरं पहिलीजवळ बसव, दुसरीला पाटीवर लेखन दे, आणि तिसरीचं गणित आधी उरक, ते लांबलं की सगळा दिवस गेला.’ माझी पहिली नेमणूक एकशिक्षकी शाळेवर झाली तेव्हा टाचणातल्या पायऱ्यांआधी हे वाक्य कामी आलं.

पुढे राज्यात डी.एड. कॉलेजांचं पीक आलं. गल्लोगल्ली पाट्या लागल्या, मग भरती आटली आणि पोरं यायची थांबली. डी.एड.चं नाव डी.एल.एड. झालं तरी वर्ग भरेनात. सरकारी भरतीच्या भरवशावर वाढवलेलं शिक्षण भरतीबरोबरच बसणार, याचं नवल कसलं? पण त्या गर्दीत १९३५ च्या घराला मोजू नये, एवढंच म्हणणं आहे.

नव्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक कपाट जुन्या टाचणवह्या, हजेरीपट आणि निरीक्षण नोंदींसाठी ठेवावं, असं मी सुचवतो. मास्तर कसा घडवत याचा तोच खरा दप्तरी पुरावा. माझ्या दोन वह्या आहेत, लाल शेऱ्यांसकट. एक भूगोलाची, एक गणिताची. आपल्या बॅचच्या मेळाव्याला येताना घेऊन येतो. बाकीच्यांनीही माळे धुंडाळावेत, वाळवी लागायच्या आत.