तुम्ही विचारलंत म्हणून : वैद्यकीय महाविद्यालयाला निघण्याआधी

प्रवेश निश्चित झाला की विद्यार्थी किंवा त्यांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात : “नव्या शहरात जायला अजून दोन-तीन महिने आहेत, तोवर काय तयारी करावी?” विचारणाऱ्याजवळ बहुधा एक यादी तयार असते आणि त्या यादीत स्टेथोस्कोप सर्वांत वर असतो. मी तो तळाशी ढकलते आणि लसीकरणाचे कार्ड वर आणून ठेवते, तेव्हा समोरच्याचा चेहरा थोडा उतरतो. परंतु जी वस्तू एका दुपारी दुकानातून आणता येते, तिची घाई आज कशाला? ज्या कामाला महिने जावेच लागतात, ते आधी सुरू करायला हवे.

हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची लस हे त्यातले पहिले काम. तिच्या नेहमीच्या वेळापत्रकात तीन मात्रा असतात : पहिली घेतल्यावर 1 महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून 6 महिन्यांनी तिसरी. म्हणजे आज सुरुवात केली, तरी तिसरी मात्रा नव्या शहरातच घ्यावी लागणार, आणि तिची तारीख आत्ताच लिहून ठेवलेली बरी. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहेत यावर अवलंबून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत तीच शक्यता सुमारे 0.3 टक्के असते. लोक घाबरतात मात्र दुसऱ्याला. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) पातळी तपासून घ्यावी. ती 10 mIU/mL किंवा त्याहून अधिक असल्यास संरक्षण मिळाले असे मानतात. लहानपणी लस घेतली असेल तर जुने कार्ड शोधावे, आणि आता पातळी कमी आढळली तरी घाबरून न जाता आणखी एक मात्रा घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावे. गोवर आणि कांजिण्यांच्या लसींच्या दोन-दोन मात्रा झाल्या आहेत का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे, कारण या दोन मात्रांमध्येही किमान चार आठवड्यांचे अंतर लागते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी स्वतः एकच मात्रा घेऊन गेले होते आणि दुसरी “सुट्टीत घेऊ” म्हणून पाच महिने लांबवली होती. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही आपापल्या बोटाला टोचून रक्तगट पाहत असू. एकदा टेबल आवरताना कापसाखाली राहिलेली कुणाची तरी लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची छोटी सुई, माझ्या अंगठ्यात घुसली. ज्या मैत्रिणीची ती निघाली, तिचे रक्त तपासले गेले, त्यात काही आढळले नाही आणि प्रकरण तिथेच मिटले. मात्र अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी त्या अंगठ्याकडेच बघत बसले होते. राहिलेल्या मात्रा नंतर पूर्ण केल्या. मात्रा लांबली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, एवढाच दिलासा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. सर्व कागदांवर तुमचे नाव अक्षरशः एकसारखे आहे का, हे एका बैठकीत शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एका दाखल्यावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर एक अक्षर जास्त, असे निघाले तर दुरुस्ती जुन्या गावी असतानाच करणे सोपे जाते. नेहमीची औषधे चालू असतील तर त्यांची चिठ्ठी आणि चष्म्याचा नंबरही त्याच फाइलमध्ये ठेवावा.

खोली निवडताना मात्र वेळ घ्या. मोठी, हवेशीर आणि लांबची खोली पाहून मोह होतो. जायला 40 मिनिटे आणि यायला 40 मिनिटे धरली, तर आठवड्याच्या सहा दिवसांत पूर्ण 8 तास रस्त्यावर जातात, आणि ते तास अभ्यासातून नव्हे, झोपेतून कापले जातात. खोली पक्की करण्यापूर्वी तो रस्ता एकदा पहाटे आणि एकदा रात्री चालून पाहा. दुपारी पाहिलेला रस्ता रात्री ओळखू येत नाही.

डिसेक्शन हॉलसाठी, म्हणजे शवविच्छेदन शिकण्याच्या दालनासाठी, पूर्ण बाह्यांचे किमान दोन सुती एप्रन, पाऊल पूर्ण झाकणारे बूट आणि नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे घ्यावेत. मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मालिनसमोर साध्या लॅटेक्सपेक्षा नायट्राइल अधिक टिकते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवसांपुरता चष्मा बरा. फॉर्मालिनच्या वाफेने डोळे आधीच चुरचुरत असतात, त्यात हात खराब असल्यामुळे लेन्स काढताही येत नाही. एप्रन इतर कपड्यांत मिसळून धुऊ नये.

“आधीच शरीररचनाशास्त्र वाचून ठेवू का?” असेही विचारतात. नको. शिक्षक कोणत्या क्रमाने आणि किती खोलात शिरून शिकवणार हे ठाऊक नसताना पाठ केलेले फारसे उपयोगी पडत नाही. वाचायचेच असेल तर लॅटिन आणि ग्रीक मुळांची दोन-अडीचशे शब्दांची वही करा, विशेषतः तुमचे शिक्षण मातृभाषेतून झाले असेल तर. क्लॅव्हिकल (गळ्याजवळचे हाड) म्हणजे छोटी किल्ली, टिबिया (नडगीचे हाड) म्हणजे बासरी, ॲसिटॅब्युलम (खुब्याची खोबण) म्हणजे व्हिनेगरची वाटी आणि कॉक्सिक्स (माकडहाड) म्हणजे चक्क कोकिळा! प्रौढ शरीरातील 206 हाडांची नावे पाठ करताना ही चित्रे फार कामी येतात.

आता राहिला स्टेथोस्कोप. रुग्ण तपासायचे दिवस जवळ येईपर्यंत थांबा, वरिष्ठ विद्यार्थ्यांचे दोन-तीन कानांत घालून पाहा आणि मग घ्या. कर्णनलिका पुढच्या दिशेने जाते, म्हणून कानांत घालताना त्याची टोके नाकाच्या दिशेने वळलेली असावीत. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग उलटा घालतो आणि ऐकूच येत नाही म्हणून तक्रार करतो. घेतल्यावर त्याच दिवशी नळीवर नाव घाला, कारण वॉर्डातल्या टेबलावर ठेवलेला बिननावाचा स्टेथोस्कोप संध्याकाळपर्यंत तिथे राहत नाही.