उतार लांब, चेन जागेवर

खिंडीपासून दरीच्या तळापर्यंत जवळजवळ 1800 मीटरची उतरण, आणि बहुतेक सगळी सिंगलट्रॅक, म्हणजे एका सायकलीपुरती अरुंद वाट. नकाशावर ती रेघ पाहिल्यापासून डोक्यात बसली होती. सायकली गाडीवर टाकून वर पोचलो तर वारा असा की हातमोज्यांत बोटं बधिर झालेली. निघायची घाई सगळ्यांनाच होती. मी मात्र आधी पुढचा ब्रेक धरून फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं धक्के झेलणारं सस्पेन्शन, दाबून पाहिला. पायथ्याशी लोण्यासारखा चालणारा फोर्क इथे सुरुवातीलाच अडत होता.

कारण साधं आहे. फोर्कच्या खालच्या पायांत, सीलच्या आत, थोडी हवा कोंडलेली असते. खाली ती बाहेरच्या हवेच्याच दाबाची असते. समुद्रसपाटीला हा दाब 14.7 पीएसआय, 3000 मीटरवर साधारण 10. म्हणजे जितकं वर जाल तितकी ही कोंडलेली हवा बाहेरच्यापेक्षा वरचढ होते आणि फोर्कला बसू देत नाही. काही नव्या फोर्कना मागे त्यासाठी बटणं असतात, दाबली की फुस्स! माझ्या फोर्कला ती नाहीत. मी झिप-टायचं बोथट टोक सीलच्या कडेने हलकेच आत सरकवलं, फोर्क थोडा दाबला, आणि हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. हे काम पुसून, सावकाश करायचं. स्टँशनला, म्हणजे सीलमधून आत-बाहेर सरकणाऱ्या नळीला, ओरखडा पडला तर पुढे तिथूनच तेल गळत राहतं.

रिबाउंडही, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, दोन क्लिक मोकळा केला. थंडीत हा वेग आवरणाऱ्या डँपरमधलं तेल जाड होतं, फोर्क उशिरा वर येतो.

"वर येऊन सेटिंग बदलतोस? खाली ऊन लागलं की परत बदलशील," हार्डटेलवाला, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवाला, मित्र म्हणाला.

"बदलेन की. नॉब फिरवायला काय लागतंय?"

सुरुवातीचा भाग भुसभुशीत खडीचा. मजेचा, पण लिहिण्यासारखं काही नाही. खरी गंमत झाडोऱ्यात शिरल्यावर. आधी मुळं, मग सलग दगड. रिबाउंड हळू ठेवला की काय होतं ते इथे हातांना कळतं. एका दगडाने फोर्क दाबला, तो पुरता वर यायच्या आत दुसरा, मग तिसरा. फोर्कचा प्रवास, म्हणजे दबण्याची लांबी, 160 मिलिमीटर असला तरी हाती उरतो निम्माच. मग हँडल खाली, वजन पुढे, आणि नको तेव्हा पुढचं चाक अडखळतं. मोकळ्या केलेल्या दोन क्लिकांनी इथे काम केलं. स्टँशनवरची रबरी ओ-रिंग थांबल्यावर पाहिली, ती वरून जेमतेम बोटभर खाली होती. प्रवास जवळजवळ पूर्ण वापरला गेला होता, पण तळाचा ठोका एकदाही लागला नव्हता. माझ्या मते सॅग (नुसत्या अंगाच्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजण्याइतकंच ही ओ-रिंग पाहणंही महत्त्वाचं. उभं राहून 20 ते 25 टक्के सॅग आला म्हणजे काम झालं असं मानणारे पुष्कळ भेटतात. फोर्क शेवटच्या इंचात कसा वागतो ते सॅग सांगत नाही. ते एअर चेंबरमधले टोकन, म्हणजे हवेची जागा कमी करणारे ठोकळे, ठरवतात.

दगडांच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर मागून त्याच मित्राचा आवाज आला, "थांबा रे, चेन पडली!" उतारावर हे आधी कळतच नाही. सायकल आपली धावत असते. छोट्या चढापाशी जोर लावला की पाय हवेत फिरतो, आणि नशीब चांगलं असेल तर मांडी टॉप ट्यूबवर आपटत नाही. त्याचं नशीब बरं होतं.

त्याचं म्हणणं, नॅरो-वाइड चेनरिंग (पेडलजवळची दातेरी रिंग) आणि चेन ताणून धरणारा क्लच असलेला डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) असताना चेन जागेवर ठेवणाऱ्या चेन गाइडची गरज काय? 2012 मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने पुढे एकच रिंग असलेला एक्सएक्स1 गिअरसंच आणल्यावर पुष्कळांनी हेच म्हणत गाइड काढून टाकले. नॅरो-वाइड रिंगचा एक दात जाड, एक बारीक, आणि चेनच्या रुंद-अरुंद कड्यांत ते नेमके बसतात. नवं असताना धरतंही घट्ट. मी खाली वाकून त्याचे दात पाहिले. जाड दातांच्या कडा झिजून उतरत्या झालेल्या, आणि मध्ये चिखल वाळलेला. अशा रिंगवर चेन वरच्या बाजूने उसळली की परत नेमकी बसेलच असं नाही.

माझा गाइड म्हणजे वरचा एक छोटा जबडा आणि खाली दगडाचा मार झेलणारा बॅश गार्ड. जबडा चेन उसळू देत नाही, एवढंच काम. बसवताना सगळे गिअर फिरवून पाहावे लागतात. मागचा मोठा दातेरी गिअर लागला की चेन तिरकी होऊन आतल्या पत्र्याला घासते, आणि मग दिवसभर ती कुरकुर ऐकायची. पूर्वीच्या डाउनहिल गाइडना खाली रोलरही असायचा. तो आवाज करतो आणि चढावर जडही जातो. मला तो नको.

शेवटचा टप्पा ब्रेकने खणलेल्या खळग्यांचा होता. तळहात जळायला लागले, उजवा अंगठा बधिर झाला. फोर्क कितीही चांगला असला तरी एवढ्या लांब उतारानंतर हात बोलतातच. खाली ऊन होतं, हवा जड होती, आणि मी रिबाउंड परत दोन क्लिक आवळला. मित्र ते बघून हसला.

नदीकाठी सायकल उलटी करून त्याने गाइडसाठी जागा शोधायला घेतली. त्याच्या फ्रेमला बॉटम ब्रॅकेटभोवती (पेडलचा आस फिरतो तो भाग) गाइड बसवायच्या आयएससीजी-05 मानकाची तीन भोकं नाहीत. म्हणजे सीट ट्यूबला पट्ट्याने आवळायचा गाइड, नाहीतर बॉटम ब्रॅकेटच्या कपामागे दाबून बसवायचा. "आधी नवी रिंग टाकून बघतो," असं म्हणून त्याने चिखल खरवडायला काडी उचलली.