जिन्यातला लंबक

आमच्या भौतिकशास्त्र विभागात व्याख्यान चारला आणि चहा पावणेचारला. हा क्रम ज्याने लावला त्याला माणसं कळत होती. चहा नंतर ठेवला असता तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. आम्ही एम.एस्सी.ची पोरं थर्मासभोवती कोंडाळं करायचो, दोन बिस्किटं खिशात टाकायचो आणि मागची रांग धरायचो. तिसऱ्या-चौथ्या स्लाइडनंतर काही कळेनासं व्हायचं, पण माना डोलत राहायच्या. पाहुणे ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणाले की फक्त पंख्याची घरघर. मग पुढून कुणीतरी ‘प्रश्न असा नाही, पण...’ म्हणत पाच मिनिटं स्वतःच बोलून घ्यायचं.

28 फेब्रुवारीची गोष्ट निराळी. रामन परिणामाचा शोध 1928 साली या दिवशी लागला, म्हणून विज्ञान दिन. त्या दिवशी विभागाची दारं सगळ्यांना उघडी. एका वर्षी आमच्या गटाने जिन्याच्या मोकळ्या जागेत फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाचा लंबक टांगला. गोळाफेकीचा गोळा, तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली पोलादी तार, खाली फरशीवर खडूने काढलेली रेघ. फूकोने 1851मध्ये पॅरिसला हाच खेळ करून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं होतं. झोके घेणाऱ्या लंबकाखालची जमीन हळूहळू वळते, म्हणून तो रेघेवरून सरकत गेल्यासारखा दिसतो.

सगळी मेख गोळा सोडण्यात. हाताने सोडला तर बाजूला जरासा धक्का बसतोच, आणि लंबक लंबवर्तुळात भरकटतो. म्हणून गोळा एका बाजूला ओढून दोऱ्याने कठड्याला बांधायचा, तो पूर्ण थांबेपर्यंत कळ काढायची आणि मग उदबत्तीने दोरा जाळायचा. पहिल्या खेपेला तार थरथरत असतानाच आम्ही घाई केली. दुसऱ्या खेपेला कुणीतरी जिन्याची खिडकी उघडली. तिसऱ्यांदा जमलं.

आता पंचाईत अशी, की पुण्यात लंबकाची दिशा तासाला जेमतेम पावणेपाच अंश सरकते. तेवढा वेळ कोण उभं राहणार? लोक यायचे, चार झोके बघायचे, ‘छान’ म्हणून पुढे सरकायचे. एक चौथीतला मुलगा मात्र हलेना. ‘मुंबईत पण एवढंच फिरतं?’ मी गणित केलं. पुण्यात पुऱ्या फेरीला 75 तास, मुंबईत 73. ‘का?’ मुंबई थोडी उत्तरेला म्हणून. ध्रुवावर एका दिवसात फेरी होते, विषुववृत्तावर होतच नाही. ‘होतच नाही? म्हणजे तिथे पृथ्वी फिरत नाही?’ आता आली का पंचाईत! वर्षभर शेवटच्या रांगेत बसून मी एकदाही इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. संत्रं आणि पेन हातात घेऊन समजावता समजावता मलाच तो सरकण्याचा वेग ठरवणारा अक्षांशाचा साइन पहिल्यांदा धड कळला.

दुपारी दोनच्या सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. झोका तोवर वीतभर उरला होता. त्या जरा वेळ बघत राहिल्या. ‘सकाळी रेघेवरनं जात होतं की हो. आता खिडकीकडं चाललंय.’

दिवसभरात आम्ही न सांगता ते ओळखणाऱ्या त्या एकट्याच. मी म्हटलं, ‘मावशी, ते तिथंच आहे. आपला जिना फिरला.’ त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

लंबक त्याच संध्याकाळी उतरवला. पण पुढचे तीन-चार दिवस मावशी फरशी पुसताना खडूची रेघ तेवढी सोडून पुसायच्या.