पंपाविना वाहणारे तेल

उच्च विद्युतदाबाच्या (व्होल्टेजच्या) प्रयोगशाळेत काम करताना ट्रान्स्फॉर्मरच्या तेलाशी माझा संबंध एवढाच असे, की 2.5 मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये ते किती किलोव्होल्टला फुटते, म्हणजे त्यातून ठिणगी पडते, हे पाहायचे. विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने उष्णतेचे वहन वाढवण्याचे काम आले, तेव्हा मात्र त्याच तेलात मुद्दाम विद्युतभार सोडायचा होता. टाकीच्या तळाशी हीटर लावलेली आणि जमिनीशी जोडलेली (अर्थ केलेली) तांब्याची पट्टी, तिच्या वर काही मिलिमीटरांवर डीसी विद्युतदाब दिलेली टोकदार सुई, अशी साधीच मांडणी होती, पंप नव्हताच.

पट्टीचे तापमान 70 अंशांच्या आसपास स्थिरावल्यावर आम्ही दाब हळूहळू चढवला. सुरुवातीला काहीच घडले नाही. नंतर एका विशिष्ट दाबाला, दिव्यामुळे भिंतीवर पडलेल्या टाकीच्या सावलीत संथपणे वर जाणारे गरम तेलाचे पट्टे एकाएकी विस्कटले आणि सुईच्या टोकापासून निघालेली धार पट्टीवर आदळून चहूकडे पसरताना दिसू लागली. हीटरची शक्ती तीच असताना पट्टीचे तापमान उतरू लागले.

“मॅडम, मीटर खोटं दाखवत नाही ना?” आमच्या प्रयोगशाळेतील काकांनी विचारले. शंका रास्त होती, कारण उच्च विद्युतदाबाशेजारी थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीवर, डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. आम्ही दाब काढून घेतला. आकडा केवळ विद्युत हस्तक्षेपामुळे घसरला असता, तर तो तत्क्षणी मूळ जागी आला असता. पण तो धातू तापायला लागतो तेवढाच वेळ घेत सावकाश चढला. दाब पुन्हा दिल्यावर पुन्हा उतरला.

सुईच्या टोकाशी क्षेत्र इतके तीव्र असते की तेथून तेलात आयन, म्हणजे विद्युतभारित कण, शिरतात. क्षेत्र त्यांना ओढते आणि ते भोवतालच्या तेलाला आपल्याबरोबर फरफटत नेतात. पाण्यात हे साधत नाही, कारण अगदी शुद्ध पाण्यातही असा भार सेकंदाच्या हजाराव्या भागात विरून जातो, तर स्वच्छ तेलात तो कित्येक सेकंद टिकतो. म्हणजे तेलाचे विद्युतरोधक असणे हीच येथे पूर्वअट आहे. प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असल्याने खर्च झालेली वीज एका वॅटपेक्षाही बरीच कमी होती. ही कल्पना नवी नाही. चब यांचे पेटंट 1916 सालचे आहे.

दुपारनंतर प्रवाह कारणाविना वाढू लागला. टॉर्च मारून पाहिले, तर पुसण्याच्या कापडाचे बारीक तंतू सुई आणि पट्टी यांच्यामध्ये एकाला एक लागून उभे होते. असा पूल पूर्ण झाला की ठिणगी ठरलेलीच, म्हणून दाब बंद करून, उरलेला भार जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावून तेल गाळायला घेतले.

हे सरळ ट्रान्स्फॉर्मरमध्येच का बसवू नये, असे काकांनी तेल गाळताना विचारले. वेटोळ्यांजवळ तेलात भार शिरू नये म्हणून तर तेथे टोकदार कडा टाळतात, त्यामुळे माझ्या मते या पद्धतीची जागा वेटोळ्यांपासून दूर, स्वतंत्र शीतक नळ्यांमध्ये आहे. पुढची मांडणी आम्ही तशीच आखली.