ओतकाम नोंद: पॅनचा साचा तयार, पण भंगाराचा रस त्यात जाणार नाही

भट्टी आता मनासारखी चालते. वाळूचा साचाही जमला आहे. लाकडी नमुना उचलताना कडा ढासळत नाहीत. पुढची पायरी ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून त्या रसातून स्वयंपाकाचा पॅन ओतण्याची होती. ती मी थांबवली आहे, आणि अडचण भंगाराची आहे.

भंगारात शुद्ध ॲल्युमिनियम क्वचितच मिळतं. पिस्टनमध्ये सिलिकॉनसोबत तांबं आणि निकेल असतं. अलॉय व्हीलचा धातू चांगला, पण त्यावर चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं बऱ्याचदा शिशाची असतात. २०११ क्रमांकाच्या मिश्रधातूत तर लेथवर सहज कापला जावा म्हणून शिसं मुद्दाम घातलेलं असतं, ०.६ टक्क्यांपर्यंत. असा तुकडा नुसता पाहून ओळखता येत नाही.

‘शिसं जड, ते तळाशी बसेल’ असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. एवढं थोडं शिसं रसात विरघळूनच राहतं आणि गोठताना बारीक कणांच्या रूपात धातूभर पसरतं. ते जाळूनही निघत नाही: शिसं उकळतं सुमारे १७५० अंशांना, आपण ओततो ७०० ते ७५० अंशांच्या आसपास. रसावर तरंगणारी मळी काढल्यानेही फरक पडत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा देशांतली ४२ ॲल्युमिनियमची भांडी तपासली होती, त्यातली बरीचशी भंगारापासून बनवलेली. सौम्य ॲसेटिक आम्लात उकळल्यावर त्यांतल्या अनेकांतून शिसं उतरलं. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ठरलेली नाही, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. वरून कोटिंग द्यावं, तर ते झिजतं. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

ओतकाम मात्र चालू आहे. हत्यारांच्या मुठी, स्टँड, पुली असलं सगळं भंगारातून बिनधास्त ओतावं. फक्त पाण्याशी खेळ नको, हे कितीदा सांगितलं तरी मला कमीच वाटतं. रसाखाली गेलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते, सोळाशे पटींहून जास्त फुगते आणि रस अंगावर उडवते. म्हणून भंगार, पळी, चिमटा, पिंडाचे (धातूच्या विटांचे) साचे, सगळं आधी तापवून कोरडं करायचं. बंद नळी किंवा न फोडलेला डबा मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकायचा नाही. काँक्रीटवरही ओतायचं नाही, त्यातही ओल असते. खाली कोरड्या वाळूचा जाड थर हवा. आणि वितळलेलं ॲल्युमिनियम उजेडात लाल दिसत नाही, थंड धातूसारखंच चंदेरी दिसतं. जवळ कुणी उभं असेल तर हे त्याला आधी सांगा.

पॅनसाठी रासायनिक घटकांचा दाखला असलेले, खाद्यसंपर्काला चालणारे पिंड घेणार आहे. मूस आणि पळीही नवी, कारण जुन्या मुशीच्या आतल्या थरात आधीच्या भंगाराचा अंश राहतो.