भरलेली बादली आणि सातशे मीटर सऱ्या

खुब्याचा सांधा बदलून सहा आठवडे झालेल्या आजींना शेतातल्या घरी पोचवायचं होतं. नेहमीची वाट पाण्याखाली गेलेली. मधे सातशे मीटर सऱ्या-वरंब्यांचं रान आणि एक बांध. हाताशी ट्रॅक्टर आणि दोनचाकी ट्रॉली. डॉक्टरांनी फोनवर होकार दिला, पण दोन अटी घातल्या: धक्का बसता कामा नये आणि बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये.

मडगार्डवर माणूस बसवायचाच नाही. तो घसरला तर थेट मागच्या चाकाखाली जातो. म्हणून ट्रॉलीच. पण ट्रॉलीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, काही टन मालासाठी बनवलेले असतात, साठ किलोच्या माणसाने ते हलतसुद्धा नाहीत. वाळूची दहा पोती, प्रत्येकी 50 किलोची, अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे तळाला अंथरली, तेव्हा पाटे जागे झाले. अ‍ॅक्सलच्या मागे वजन टाकलं असतं तर हुक हलका होऊन ट्रॉली मागेपुढे हिसके देत राहिली असती. टायरची हवा 50 पीएसआयवरून 25 वर आणली. वजन कमी आणि वेग चालण्याचा, म्हणून एवढी उतरवता आली. त्याहून कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व तुटतो. हुकाच्या पिनीत बोटभर ढिलाई होती, दर वेळी ‘खट्’ करणारी. जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा गुंडाळून ती घट्ट केली.

खुर्चीची जागा बादलीने ठरवली. काठापासून चार बोटं खाली पाणी भरलेली बादली खुर्चीवर बांधायची आणि रिकामी फेरी मारायची. ट्रॉलीच्या हौद्याच्या मागच्या टोकाला निम्मं पाणी सांडलं. अ‍ॅक्सलच्या बरोबर वर चाकाची प्रत्येक उसळी जशीच्या तशी पोचत होती. सगळ्यात कमी सांडलं ते हुक आणि अ‍ॅक्सलच्या मधोमध, कारण तिथे दोन्हीकडची हालचाल निम्मी होऊन येते. खुर्चीखाली हवा भरलेली ट्यूब ठेवून पाहिली, तर पाणी आणखी उडालं. ट्यूब धक्का जिरवत नाही, परत फेकते. एकटा मऊ फोमही दबून तळाला टेकतो. शेवटी खाली पाच सेंटीमीटर कडक फोम आणि वर तेवढाच मऊ, असं जमलं. त्यामुळे बैठकही उंच झाली आणि गुडघा खाली राहिला.

खरा घोळ वेगाचा होता. सऱ्यांमधलं अंतर 75 सेंटीमीटर. ताशी 7 किलोमीटरने आडवं गेलं की सेकंदाला अडीचच्या वर वरंबे लागतात. ट्रॅक्टरचं धूड टायरवर स्वतःहून उसळतं तेही साधारण सेकंदाला दोन-तीनदा, त्यामुळे उसळी उसळीवर चढत जाते. वेग वाढवून ती टाळता येते, पण सेकंदाला चार ते आठ हादरे पाठीच्या कण्याला सगळ्यात जास्त जाणवतात. ताशी 3 किलोमीटरला वरंबा साधारण सेकंदाला एक येतो, आणि बादली शांत राहते. तिरकं नेऊन पाहिलं. उसळी कमी झाली, पण हौदा डावी-उजवीकडे डुलायला लागला, आणि खुब्याला तेच नको होतं.

ड्रायव्हरला यातलं फारसं कळत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याची सीट स्प्रिंगवर, चाकं मोठी, दोन वरंब्यांवरून सहज लोळत जाणारी. ट्रॉलीचं लहान चाक मात्र प्रत्येक सरीत पडतं. म्हणून हौद्याच्या बाजूने, चाकापासून अंतर ठेवून, एक माणूस चालवला. आजींच्या चेहऱ्यावर नजर, हात वर केला की थांबायचं. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधे कोणीही नाही.

आजींना तोंड पुढे करून बसवलं. खड्डा येताना दिसला की अंग आपोआप तयार होतं. पाय फळीवर टेकलेले, पट्टा मांड्यांच्या वर घट्ट. खुर्ची चारही बाजूंनी आवळून बांधली.

बांध 40 सेंटीमीटर उंच होता. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटरचा उतार फावड्याने केला आणि बरोबर काटकोनात चढलो, कारण तिरकं चढलं की एक चाक वर, एक खाली होऊन हौदा कलतो. सर्वांत खालचा गिअर, क्लच दाबायचा नाही. उतारावर क्लच दाबला की ट्रॉली मागून ढकलते.

सातशे मीटरला चौदा मिनिटं लागायला हवी होती. आम्हाला पंचवीस लागली. आजींनी हात दोनदा वर करायला लावला, एकदा पट्टा काचत होता म्हणून आणि एकदा पाणी प्यायला.